दोन पंप, एक पॅनेल

तळटाकीवर दोन पंप बसवले की सोसायटीची कमिटी निर्धास्त होते. एक बंद पडला तर दुसरा आहेच. हिशोबही सोपा वाटतो. कुठल्याही दिवशी एक पंप नादुरुस्त असण्याची शक्यता पाच टक्के धरली, तर दोन्ही एकाच दिवशी नादुरुस्त असण्याची शक्यता ०.०५ × ०.०५, म्हणजे ०.००२५. चारशे दिवसांतून एक दिवस. वर्षाकाठी एखादा दिवस टँकर मागवायला कोणाची फारशी हरकत नसते.

गुणाकार बरोबर आहे. पण त्याआधी विचारायचा प्रश्न सहसा कोणी विचारलेला नसतो: हे दोन पंप खरोखर एकमेकांपासून स्वतंत्र आहेत का? दोघांना वीज एकाच पॅनेलमधून येते, दोघे एकाच टाकीतलं पाणी ओढतात, दोघांच्या मोटरी एकाच दुकानात वाइंडिंगला जातात आणि पाणी वर चढतं तेही एकाच पाइपातून. शक्यतांचा असा सरळ गुणाकार एकमेकींशी संबंध नसलेल्या घटनांनाच लागू पडतो. यंत्रणेवर किती विसंबायचं याचा अंदाज बांधताना निम्मं काम ही सामाईक ठिकाणं हुडकून काढण्याचं असतं. माझ्या मते आकडेमोडीपेक्षा तेच जास्त मोलाचं.

सोसायटीचे पंप, गावाची नळपाणी योजना, छोट्या कारखान्याचा कॉम्प्रेसर किंवा मंगल कार्यालयाचा जनरेटर ज्यांच्या गळ्यात पडला आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. गणित शाळेतलं पुरतं आणि कॅल्क्युलेटर मोबाइलमधला. उदाहरणांतले आकडे हिशोब समजावा म्हणून घेतले आहेत. त्यांच्या जागी आपल्या लॉगबुकातले घालायचे.

आधी बिघाड ठरवा

‘पंप बंद पडला’ ही पंप ऑपरेटरची भाषा झाली. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या माणसाला पंपाशी काही देणंघेणं नसतं, नळाला पाणी हवं असतं. गच्चीवरच्या टाकीत एका दिवसाचं पाणी मावत असेल, तर सकाळी बंद पडून संध्याकाळी सुरू झालेला पंप त्याच्या लेखी बिघडलेलाच नव्हता. म्हणून कागदावर पहिलं वाक्य असं काहीतरी लिहा: ‘गच्चीवरची टाकी रिकामी होऊन दोन तासांपेक्षा जास्त वेळ कोणाही घरी पाणी नसणं, म्हणजे बिघाड.’ जनरेटरसाठी वाक्य वेगळं असेल: ‘वीज गेल्यापासून तीस सेकंदांत लिफ्टला पुरवठा न मिळणं.’

त्याच वाक्यात काळ आणि परिस्थितीही आली पाहिजे. ‘हा पंप ९८ टक्के भरवशाचा आहे’ हे विधान अर्धवट आहे. किती काळासाठी? पावसाळ्यात गढूळ पाण्यावर की हिवाळ्यात? व्होल्टेज ४१५ असताना की उन्हाळ्याच्या संध्याकाळी ३४० वर उतरल्यावर? विक्रेत्याने दिलेला आकडा बहुधा कारखान्याच्या चाचणीघरातला असतो आणि आपला पंप तळघरात बसलेला असतो.

साखळी आणि जोडीदार

आता वहीत चौकोन काढा. विजेच्या मीटरपासून वरच्या टाकीपर्यंत पाण्याच्या आणि विजेच्या वाटेवर जे जे आहे, त्याला एकेक चौकोन: मेन स्विच, पॅनेल, केबल, मोटर, पंप, नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, चढता पाइप, फ्लोट स्विच. ज्यांच्यातला एकही बंद पडला तर पाणी थांबेल, ते एकापुढे एक, ओळीत काढा. जे एकमेकांची जागा घेऊ शकतात, ते एकाखाली एक.

ओळीतल्या वस्तूंच्या चालू असण्याच्या शक्यता गुणायच्या. हा नियम रॉबर्ट लुसर या जर्मन अभियंत्याच्या नावाने ओळखला जातो. दुसऱ्या महायुद्धातल्या व्ही-१ या उडत्या बॉम्बचा आराखडा त्याचाच. नियमाचा झटका असा की प्रत्येक वस्तू ९९ टक्के भरवशाची असली, तरी दहा वस्तूंची ओळ ९०.४ टक्क्यांवर येते आणि शंभर वस्तूंची ३६.६ टक्क्यांवर. ‘सगळं सामान चांगल्या कंपनीचं घेतलंय’ हे ऐकून समाधान मानण्याआधी सामान किती आहे तेही मोजावं.

एकाखाली एक असलेल्या वस्तूंचं उलट. तिथे बंद असण्याच्या शक्यता गुणायच्या आणि उत्तर एकातून वजा करायचं.

हे दोन नियम आपल्या सोसायटीला लावू. पंप ९५ टक्के, पॅनेल ९८ टक्के. दोन पंपांची जोडी ०.९९७५, पण तिच्यापुढे पॅनेल एकच, म्हणून ०.९८ × ०.९९७५ = ०.९७७६. वर्षाच्या ३६५ दिवसांत साधारण आठ दिवस पाणी नाही. चारशे दिवसांतून एक दिवस म्हणत होतो, तो कुठल्या कुठे गेला.

सभेत यावर हमखास ठराव येतो की तिसरा पंप घ्या. करून बघू. तीन पंप एकदम बंद असण्याची शक्यता ०.०००१२५ इतकी नगण्य, पण पॅनेलने गुणल्यावर उत्तर येतं ०.९७९९. आठ दिवसांचे सात झाले. पंपाचे पैसे गेले, तळघरातली जागा गेली आणि हाती आला एक दिवस.

त्याऐवजी प्रत्येक पंपाला स्वतःचं पॅनेल दिलं तर? एका शाखेचा हिशोब ०.९५ × ०.९८ = ०.९३१. दोन्ही शाखा बंद असण्याची शक्यता ०.०६९ × ०.०६९ = ०.००४८. म्हणजे वर्षाला दोन दिवसांहूनही कमी. पंप दोनच राहिले. विजेचा पुरवठा दोघांना अजून सामाईक आहे, हे खरं. पण पुढचा खर्च कुठे करायचा याचं उत्तर मिळालं, आणि हा सगळा खटाटोप त्यासाठीच असतो. नेमका टक्का कळणं हा दुय्यम फायदा.

पूर आल्यावर सगळे एकदम

स्वतंत्र पॅनेल बसवलं, पण दोन्ही पॅनेल तळघराच्या एकाच भिंतीवर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस पडला, तेव्हा अशा भिंतींचं काय होतं ते मुंबईने पाहिलं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कोल्हापूरची नदीकाठची उपसा केंद्रं पाण्याखाली गेली आणि चहूकडे पाणी असलेल्या शहराचे नळ कोरडे पडले. पंप एकापेक्षा जास्त होतेच. पण नदीला पंपांची संख्या मोजायची गरज नसते.

याचं जगभर शिकवलं जाणारं उदाहरण जपानमधलं आहे. ११ मार्च २०११ ला भूकंपाने फुकुशिमा दाइची अणुवीज केंद्राचा बाहेरचा वीजपुरवठा तुटला, तेव्हा आणीबाणीचे डिझेल जनरेटर ठरल्याप्रमाणे सुरू झाले. भूकंपाची परीक्षा ते पास झाले होते. पाऊण-एक तासात त्सुनामीची लाट आली. बरेचसे जनरेटर आणि स्विचगिअर इमारतींच्या खालच्या भागात होते. सहाव्या अणुभट्टीचा, हवेने थंड होणारा एक जनरेटर तेवढा चालू राहिला. कागदावर प्रत्येक जनरेटरचा आकडा उत्तमच असणार. त्या सगळ्यांना एकाच वेळी गाठणारं पाणी त्या आकड्यात नव्हतं.

सामाईक कारण हिशोबात आणायची एक सोपी, ढोबळ रीत आहे. एका यंत्राच्या बिघाडांपैकी किती हिस्सा असा, की जो दुसऱ्यालाही बरोबर घेऊन बुडेल, याचा अंदाज करायचा. समजा दहावा हिस्सा. पंप पाच टक्के वेळ बंद असतो, त्यातला ०.००५ सामाईक आणि उरलेला ०.०४५ ज्याचा त्याचा. मग दोन्ही बंद असण्याची शक्यता ०.००५ अधिक ०.०४५ चा वर्ग, म्हणजे ०.००७. आधीच्या ०.००२५ च्या जवळजवळ तिप्पट.

यापुढची गंमत नीट पाहा. समजा महागडे पंप घेतले, जे एकच टक्का वेळ बंद असतात. स्वतंत्र धरले तर जोडीचा आकडा ०.०००१ असायला हवा; दहावा हिस्सा सामाईक धरला तर तो ०.००१०८ येतो. जवळपास अकरापट. यंत्रं जितकी चांगली, तितकं सामाईक कारण डोईजड होतं. सुटे भाग चांगले करत गेल्यावर एका टप्प्यानंतर पैसे वाया जाऊ लागतात, ते यामुळे. त्या टप्प्यावर दुसरा पंप वेगळ्या जागी, वेगळ्या उंचीवर, जमल्यास वेगळ्या बनावटीचा घेणं हेच खरं काम.

सामाईक कारणं शोधायला साइटवर वही घेऊन फिरावं. पाणी, आग, उंदीर, तापमान, डिझेलची एकच टाकी, एकच बॅटरी, एकाच दिवशी आलेल्या एकाच लॉटच्या बेअरिंगा, आणि दोन्ही यंत्रांची सर्व्हिसिंग एकाच दुपारी करणारा एकच मेकॅनिक. शेवटचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. त्याने एका पंपात चुकीचा सील बसवला असेल, तर दुसऱ्यातही तोच बसवलेला असणार. दोन पंपांच्या सर्व्हिसिंगमध्ये पंधरा दिवसांचं अंतर ठेवायला एक पैसा लागत नाही.

झोपलेला पंप

चालू पंप बिघडला की लगेच कळतं. राखीव पंप बिघडला की काहीच कळत नाही, त्याची गरज पडेपर्यंत. अशा लपलेल्या बिघाडाला एक छोटं सूत्र आहे: दोन चाचण्यांमधल्या काळाचा अर्धा भाग घ्यायचा आणि त्याला दोन बिघाडांमधल्या सरासरी काळाने भागायचं. काळ त्या सरासरीपेक्षा बराच लहान असेल, तोवर उत्तर पुरेसं बरोबर येतं. उभा असलेला जनरेटर सरासरी पाच वर्षांतून, म्हणजे ६० महिन्यांतून एकदा नादुरुस्त होतो असं धरू. दरमहा तपासला, तर अचानक गरज पडल्यावर तो दगा देण्याची शक्यता ०.५ भागिले ६०, म्हणजे एक टक्क्याहून कमी. सहा महिन्यांनी तपासला तर पाच टक्के. वर्षातून एकदा, गणपतीच्या आधी तपासला तर दहा टक्के. जनरेटर तोच, कंपनी तीच. बदलली ती फक्त तपासणीची तारीख.

तपासणी म्हणजे काय, हेही ठरवून घ्या. दोन मिनिटं बिनलोडचा फिरवून बंद केलेल्या जनरेटरची बॅटरी आणि स्टार्टर तेवढे तपासले जातात. लोड घेतो का, मेन पुरवठा तोडल्यावर आपोआप चढतो का, अर्धा तास चालल्यावर तापमान कुठे जातं, हे त्यात येत नाही. पंपाचंही तसंच. मोटर फिरते हे पुरेसं नाही, वरच्या टाकीत पाणी पडताना कोणीतरी पाहिलं पाहिजे.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पाणीपुरवठ्याचे राखीव पंप आपोआप सुरू झाले, पण त्यांच्या पुढचे व्हॉल्व्ह आधीच्या देखभालीनंतर बंदच राहिले होते. ते लक्षात यायला आठ मिनिटं गेली. त्या अपघाताचं मुख्य कारण ते नव्हतं, तरी धडा आपल्या तळघराला जसाच्या तसा लागू आहे: सर्व्हिसिंग झाल्यावर, मेकॅनिकची गाडी फाटकाबाहेर जाण्याआधी, त्याच्यासमोर पंप चालवून बघा.

दोन्ही पंप आलटून पालटून चालवावेत असा सल्ला सगळे देतात, आणि तो बरोबर आहे. न फिरलेला शाफ्ट जाम होतो. पण दोघांना तंतोतंत सारखे तास दिले की दोघे एकाच सुमारास झिजतात. एकाला आठवड्याचे पाच दिवस आणि दुसऱ्याला दोन दिवस दिले, तर जाम होणंही टळतं आणि दोन्ही म्हातारे एकदम होत नाहीत.

आकडे आणायचे कुठून

लॉगबुकातून. त्यात चार गोष्टी असल्या तरी भागतं: बंद कधी पडला, सुरू कधी झाला, काय बिघडलं, त्यावेळी तासमीटर काय दाखवत होता. ‘मोटर जळाली’ एवढ्यावर थांबू नका. फेज गेली म्हणून जळाली, की सील गळून पाणी आत गेलं म्हणून? पहिलं कारण दोन्ही मोटरींना सामाईक आहे, दुसरं नाही.

दोन पंपांचा तीन वर्षांचा अनुभव मिळून ७२ महिने होतो. नोंदी १८ असतील, तर दोन बिघाडांमधला सरासरी काळ चार महिने. या सरासरीचा अर्थ लावताना बरेचजण फसतात. सरासरी चार महिने म्हणजे पंप चार महिने चालेलच असं नाही. बिघाड कधीही, वयाचा विचार न करता येणारे असतील, तर चार महिने धड पार पडण्याची शक्यता अवघी ३७ टक्के असते. माहितीपत्रकावर ५०,००० तास छापलेले पाहून पावणेसहा वर्षं निश्चिंत राहणाऱ्यांनी हा ३७ चा आकडा लक्षात ठेवावा.

बिघाडांचा वयाशी संबंध आहे का, हे पाहणं मात्र फायद्याचं. स्वीडनचा अभियंता वालोदी वायबुल याने १९५१ साली एक निबंध प्रसिद्ध करून त्यासाठीचं संख्याशास्त्रीय वितरण अभियंत्यांच्या हाती दिलं. त्यातल्या उदाहरणांत पोलादाबरोबर भारतीय कापसाच्या तंतूची ताकदही आहे. सॉफ्टवेअर नसलं तरी त्याचा गाभा वहीत वापरता येतो. दुरुस्तीनंतर किती दिवसांनी पुन्हा बिघाड झाला, ते अंतर ओळीने लिहून काढा. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांतच बिघाडांची गर्दी दिसली, तर दुरुस्तीच कच्ची होते आहे. वाइंडिंगचं दुकान बदला. ठरावीक तासांनंतर गर्दी दिसली, तर वस्तू झिजते आहे. तो आकडा यायच्या थोडं आधी बेअरिंग किंवा सील बदलून टाका. गर्दी कुठेच नसेल, तर वेळेआधी भाग बदलण्यात काही हशील नाही. उलट चांगला चालणारा भाग काढून नवा, न पारखलेला भाग बसवण्याचा धोका पत्करता.

‘आमचा जनरेटर आजवर एकदाही फसला नाही’ हे किती भक्कम? तो ३६ वेळा सुरू केला आणि एकदाही फसला नसेल, तर तीनाला ३६ ने भागा. पंच्याण्णव टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की फसण्याची शक्यता बारात एक यापेक्षा जास्त नसावी. बारात एक हे काही मिरवण्यासारखं नाही. शंभरात एकाच्या आत असल्याची खात्री हवी, तर न फसता तीनशे वेळा सुरू झाला पाहिजे.

दुरुस्तीचे दिवस

पंप पाच टक्के वेळ बंद असतो, हे आलं कुठून? चार महिने चालतो आणि सहा दिवस दुकानात पडून राहतो. सहा भागिले १२६, म्हणजे ४.८ टक्के. या भागाकारात वरचा आकडा कमी करणं हे खालचा आकडा वाढवण्यापेक्षा बहुधा फार स्वस्त पडतं, आणि तरीही चर्चा कायम खालच्याच आकड्याची होते. वाइंडिंग केलेली एक मोटर रॅकवर तयार ठेवा, ती चढवायला एक दिवस धरा. एक भागिले १२१, ०.८ टक्के. पंप पूर्वीइतक्याच वेळा बिघडतो आहे, पण बंद असण्याचा काळ सहापट घटला. गच्चीवर एका दिवसाचं पाणी असेल आणि मोटर त्याच दिवशी बदलून झाली, तर वर कोणाला पत्ताही लागणार नाही. वायरमनचा नंबर, कपलिंगचा साइज आणि रॅकची किल्ली कुठे असते, हे पॅनेलच्या दारावर लिहून ठेवणं हाही याच हिशोबाचा भाग.

उत्तर आल्यावर

आलेल्या आकड्याची झालेल्या घटनांशी गाठ घालून द्या. २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर या अवकाशयानाच्या दुर्घटनेच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना नासात एकाच धोक्याचे दोन अंदाज ऐकायला मिळाले. काम करणारे अभियंते शंभरात एकाच्या आसपास म्हणत होते, व्यवस्थापन लाखात एक. लाखात एक म्हणजे रोज एक यान सोडलं तरी पावणेतीनशे वर्षांत एकच अपघात. हे कोणत्या अनुभवावरून म्हणता, असा त्यांचा रोख होता. स्पेस शटलची सगळी उड्डाणं संपली तेव्हा हिशोब असा लागला: १३५ उड्डाणं, दोन यानं गेली.

आपल्या वहीत ०.९९९९ असं उत्तर आलं, की आधी संशय घ्या. इतका चांगला आकडा येतो तेव्हा एखादा चौकोन काढायचा राहिलेला असतो, किंवा कुठेतरी सामाईक कारण सुटलेलं असतं. गेल्या तीन वर्षांत पाणी खरोखर किती दिवस नव्हतं ते जुन्या टँकरच्या बिलांवरून काढा. हिशोब दोन दिवस म्हणतो आणि बिलं वीस दिवसांची आहेत, तर बिलं खरी.

थोडक्यात निभावलेले प्रसंगही नोंदवा. केबल गरम होऊन वास आला, पण जळली नाही. दुसऱ्या पंपाने तिसऱ्या झटक्याला पाणी उचललं. चॅलेंजरच्या आधीच्या उड्डाणांतही, ज्या निकामी झाल्याने पुढे ते यान गेलं त्या रबरी कड्यांची झीज दिसली होती, आणि यान सुखरूप परतल्यामुळे ती चालण्यासारखी मानली गेली.

ही वही घेऊन लिफ्टच्या ब्रेकचा, बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा किंवा अतिदक्षता विभागाच्या ऑक्सिजनचा निर्णय घेऊ नका. तिथे कायदा, मानकं आणि अधिकृत तपासनीस आहेत, त्यांनाच बोलवा. पंप, जनरेटर, कॉम्प्रेसर यांच्यासाठी मात्र ती पुरते. खात्री नसलेला प्रत्येक आकडा एकदा दुप्पट आणि एकदा निम्मा करून गणित पुन्हा मांडा. दुसरं पॅनेल घ्यायचं की तिसरा पंप, हा निर्णय तिन्ही वेळा तोच येत असेल, तर आकडा आणखी घासत बसण्याची गरज नाही, कोटेशन मागवा. निर्णय उलटसुलट होत असेल, तर ज्या एका आकड्याने तो फिरतो आहे, त्याचीच नोंद पुढचे सहा महिने काटेकोरपणे ठेवा.